काटक रोप की जून रोप? टोमॅटोचा ट्रे बाहेर काढण्याआधी

दोन्ही ठेंगणी. दोन्हींची पानं गडद, खोडावर जांभळट झाक, बोटानं हलवलं तर खोड ताठ. पण एक रोप उन्हावाऱ्यासाठी मुद्दाम तयार केलेलं असतं, म्हणजे काटक. दुसरं उपासमारीनं आणि जागेच्या टंचाईनं खुंटलेलं असतं, म्हणजे जून. रोपवाटिकेतून रोपं घेताना किंवा घरच्या गच्चीवर ट्रे भरताना फसगत होते ती इथेच. 'रोप कसं टणक हवं' एवढंच ऐकलेलं असतं आणि टणकपणा तर दोन्हींत असतो. खरा फरक लावल्यावर दिसतो. काटक रोप चार-पाच दिवसांत नवं पान काढतं, जून रोप दोन आठवडे जागचं हलत नाही.

नागपुरात हे दोन आठवडे महागात पडतात. उन्हाळी टोमॅटोचं बी डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडतं, लागवड जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते, फुलं मार्चमध्ये येतात. दिवसाचं तापमान ३५-३६ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रही तापू लागली, की परागकण निकामी होतात आणि फूल फळ न धरता गळतं. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे फळधारणेची खिडकी आधीच अरुंद, त्यात रोपाने दोन आठवडे खाल्ले तर हाती काय राहणार?

रोपाच्या आत काय घडतं

शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, वाढलेल्या रोपाचं पान पातळ असतं, त्यावरचा मेणाचा थर बेताचा असतो आणि पानावरची छिद्रं कोरड्या हवेत चटकन मिटायला सरावलेली नसतात. लागवडीआधी ७ ते १० दिवस ऊन आणि वारा हळूहळू वाढवला आणि पाणी थोडं कमी केलं, की उंची वाढणं मंदावतं. पानात तयार होणारी साखर मग खोडात आणि मुळात साठते. मेणाचा थर जाड होतो, वाऱ्याने हलून हलून खोड भरतं. या सगळ्या काळात मुळं मात्र कामात असतात आणि रोपाला खायलाही मिळत असतं. वेग कमी होतो, वाढ थांबत नाही.

जून रोपात वाढच थांबलेली असते. ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये (रोपं वाढवायचा प्लास्टिकचा ट्रे) एका रोपाच्या वाट्याला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, येतं जेमतेम दोन-चार चमचे. २५ ते ३० दिवसांत मुळं तो कप्पा भरून टाकतात आणि मग भिंतीला धरून गोल फिरू लागतात. कोकोपीटमध्ये नत्र (नायट्रोजन) नसल्यातच जमा. बारा-पंधराव्या दिवसापासून आठवड्याला एकदा लिटरभर पाण्यामागे १ ग्रॅम १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) दिलं नसेल, तर रोप खालच्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. खालची पानं पिवळी पडतात, बुंधा लाकडासारखा होतो आणि ट्रेमध्येच कळी दिसू लागते. ही कळी काही विक्रेते कौतुकाने दाखवतात. ती तब्येतीची नव्हे, हलाखीची खूण समजावी.

ओळखायचं कसं

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मूळ. ट्रे भिजवा, कप्प्याच्या बुडाला खालून दाबा आणि रोप मुळाच्या गड्ड्यासकट बाहेर काढा. काटक रोपाची मुळं पांढरी असतात, गड्डा एकसंध निघतो आणि मुळांच्या मधून कोकोपीट दिसतं. जून रोपाच्या बुडाशी तपकिरी मुळांचं वेटोळं असतं, कोकोपीट जवळपास दिसत नाही. विक्रेता रोप काढून दाखवायला तयार नसेल तर रोपं तिथेच ठेवावीत.

मग बीजदलं पाहा, म्हणजे उगवताना आलेली ती पहिली दोन लांबट पानं. महिन्याभराच्या काटक रोपावर ती अजून हिरवी असतात. जून रोपावर पिवळी पडलेली असतात किंवा गळून नुसता वण उरलेला असतो. शेंडाही बोलतो. काटक रोपाचा शेंडा जरा फिकट, उमलता. जून रोपाचा मिटलेला, निस्तेज. खोड दोन बोटांत धरून हलकं वाकवा. काटक खोड वाकून परत सरळ होतं. जून खोडाचा तळ खरबरीत असतो, तो वाकत नाही, फार दाबला तर मोडतो.

जांभळ्या रंगावरून मात्र काहीच ठरवू नका. कडक उन्हानेही खोड जांभळट होतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा गारठलेल्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही आणि पानांची खालची बाजू जांभळी पडते. उपासमारीतही तेच होतं. तीन वेगळी कारणं, रंग एकच.

एवढं करूनही शंका उरली तर एकदा १९:१९:१९ द्या आणि चार दिवस थांबा. काटक रोपाचा शेंडा लगेच हलतो.

काटक करायला निघून जून का होतं

बहुतेक वेळा 'लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी तोडा' या सल्ल्यामुळे. सल्ला चुकीचा नाही, पण तो गादीवाफ्याचा आहे. १५ सेंटिमीटर उंच मातीच्या वाफ्यात ओल खोलवर टिकते, त्यामुळे पाणी तोडलं तरी रोपाला ताण सावकाश बसतो. ट्रेमधला कप्पा फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत सुकतो. तिथे चार दिवस पाणी तोडलं तर मुळांची टोकं करपतात. शिवाय कोकोपीट एकदा ठणठणीत सुकलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निसटून जातं आणि गड्डा मधोमध कोरडाच राहतो. असा ट्रे अर्धा तास पाण्याच्या टबात बुडाकडून भिजत ठेवावा लागतो.

ट्रेला ताण द्यायचा तो दिवसांचा नाही, तासांचा. सकाळी भरपूर पाणी द्यायचं, पुढचं पाणी पानं किंचित मऊ दिसू लागल्यावर. माना पूर्ण टाकू द्यायच्या नाहीत. संध्याकाळी उशिरा पाणी नको, रात्रभर ओल राहिली तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. खत थांबवायचं नाही, फक्त नत्राचा भडिमार टाळायचा. लागवडीच्या दिवशी मात्र गड्डा पूर्ण भिजलेला हवा.

उन्हाचं वेळापत्रक फेब्रुवारीत असं चालतं: पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंत, पुढचे दोन दिवस अकरापर्यंत, मग एकपर्यंत आणि त्यानंतर ५० टक्के सावली देणारी हिरवी नेट, शेवटचे दोन दिवस पूर्ण ऊन. ऑक्टोबरचं ऊन जास्त बोचरं असतं, तेव्हा दुपारची नेट शेवटपर्यंत ठेवावी. पावसाळ्यात आठवडाभर ढग असतील तर ते दिवस मोजायचेच नाहीत. उघडीप पडताच अशी रोपं भाजतात. पानावर पांढरे, कागदासारखे डाग आले तर ते ऊन लागल्याचे. शेंडा शाबूत असेल तर रोप सावरतं, फक्त उन्हाच्या वेळापत्रकात दोन दिवस मागे यायचं.

गच्चीवर ट्रे थेट स्लॅबवर ठेवू नका. वरचं ऊन रोप सोसतं, खालून तापलेली फरशी मुळं उकडून काढते. चार विटांवर फळी ठेवून त्यावर ट्रे ठेवावा. आणि बाहेर काढताना कीडरोधक जाळी काढून टाकू नका. पांढरी माशी याच आठवड्यात येते आणि पर्णगुच्छ रोग देऊन जाते. शेंड्याची पानं बारीक, कडा पिवळट आणि वर वळलेल्या असतील तर ते रोप काटकही नाही आणि जूनही नाही, ते उपटून टाका.

जून रोपं हाती आलीच तर

३५ दिवसांपर्यंतचं रोप वाचवता येतं. लागवडीच्या आदल्या दिवशी १९:१९:१९ द्या. बुडाचं वेटोळं बोटांनी सोडवा, सुटत नसेल तर खालचा अर्धा सेंटिमीटर कापून टाका. कळ्या खुडा, नाहीतर वीतभर रोप दोन फळं धरून बसतं. खालची पिवळी पानं काढा आणि रोप आडव्या चरात तिरपं लावा, शेंडा तेवढा वर. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळं फुटतात. लाकूड झालेल्या भागाला उशिरा, वरच्या हिरव्या भागाला लवकर, म्हणून हिरवा भागही पुरायचा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत हे करू नका. पाणी साचून पुरलेलं खोड कुजतं. तेव्हा वरंब्यावर, गड्ड्याच्या पातळीलाच लावावं. लागवड संध्याकाळी पाचनंतर करावी.

४५ दिवसांच्या पुढच्या रोपावर कष्ट घालण्यात अर्थ नाही. सप्टेंबर असेल तर नवं बी टाका, सहा-आठ दिवसांत उगवेल आणि महिन्याभरात ताजी रोपं मिळतील. पण फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उलटला असेल आणि हाती अशीच रोपं असतील, तर त्या वाफ्यात भेंडी किंवा गवार लावलेली बरी.