काळा राखाडी का होतो? 16 ते 235 ची भानगड

‘एक्स्पोर्ट करताना रेंज फुल ठेवा, क्वालिटी वाढते’ हा सल्ला व्हिडिओ एडिटिंगच्या शिकवण्यांमध्ये सर्रास ऐकू येतो. त्याने क्वालिटी वाढत नाही. बिघडते मात्र हमखास.

8-बिट व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला 0 ते 255 मधला एक आकडा मिळतो. जेपेग फोटोत 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. व्हिडिओत प्रथा वेगळी: काळा 16 वर, पांढरा 235 वर. 10-बिटमध्ये हेच आकडे 64 आणि 940 होतात. ही झाली लिमिटेड रेंज; 0 ते 255 सगळे आकडे वापरले की ती फुल रेंज.

मग वरखालची जागा मोकळी का सोडली? डिजिटल व्हिडिओचं रेक. 601 हे मानक 1982 साली ठरलं, तेव्हा कॅमेऱ्यातून येणारा सिग्नल अॅनालॉग होता. डिजिटल करण्याआधी तो फिल्टरमधून जायचा. काळ्या-पांढऱ्याची तीव्र कड आली की फिल्टरनंतरचा सिग्नल पांढऱ्याच्या थोडा वर उसळतो, काळ्याच्या थोडा खाली बुडतो, मग स्थिरावतो. पांढरा थेट 255 वर बसवला असता तर ही उसळी छाटली गेली असती, आणि छाटलेल्या लाटेतून कडेभोवती नवे दोष उभे राहिले असते. शिवाय 0 आणि 255 हे आकडे केबलवर ओळीची सुरुवात आणि शेवट सांगायला राखून ठेवले होते. अॅनालॉग गेलं, तरी चित्र लहानमोठं करणारे आजचे फिल्टरही कडेला असेच उसळतात.

खरा घोळ होतो तो फाइल वाचताना. फुल रेंजची फाइल सॉफ्टवेअरने लिमिटेड समजून वाचली, तर ते प्रत्येक आकड्यातून 16 वजा करून 255/219 ने गुणतं. 10 चा होतो उणे 7, म्हणजे काळा. 245 चा होतो 267, म्हणजे सपाट पांढरा. केसांतला तपशील आणि ढगांच्या छटा गेल्या. उलट बाजूने, आधीच लिमिटेड असलेल्या फाइलला फुल समजून पुन्हा आवळलं की 16 चा 30 होतो आणि 235 चा 218. स्क्रीनवर काळा राखाडी दिसतो, पांढरा मळका.

अशा वेळी बरेच जण कॉन्ट्रास्ट ओढतात किंवा विकतचा ‘सिनेमॅटिक’ लट (LUT, रंग बदलणारा तयार तक्ता) चढवतात. लटला मंत्र समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: आवळलेल्या 189 छटा ताणून 256 वर पसरवल्या, तरी मधले आकडे रिकामेच राहतात. हिस्टोग्रामवर, म्हणजे कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर, कंगव्यासारख्या फटी दिसतात आणि आकाशात पट्टे उमटतात.

दोष कुठल्या पायरीवर शिरला ते शोधावं. एफएफप्रोब या फाइलची माहिती दाखवणाऱ्या टूलने मूळ फाइल तपासली की कलर रेंजच्या ओळीत ‘टीव्ही’ म्हणजे लिमिटेड किंवा ‘पीसी’ म्हणजे फुल असं येतं. काहीच नसेल तर बहुतेक प्लेअर लिमिटेड धरून चालतात. हा नुसता टॅग असतो. तो बदलल्याने आतले आकडे बदलत नाहीत, म्हणून चुकीचा टॅगही संभवतो. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट-क्लिक करून क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ‘ऑटो’वरून ‘व्हिडिओ’ किंवा ‘फुल’ करता येतात. क्लिप योग्य वाचली जात असेल आणि 235 च्या वर काही उरलं असेल, तर गेन (उजळ भागाची पातळी) उतरवताच ते परत दिसतं, कारण आतला हिशेब 32-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे पांढऱ्याच्या वरचे आकडेही न छाटता, चालतो. रेंडर करून फाइल छाटली गेली की ते कायमचं गेलं. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर (एक्स्पोर्टच्या) पानावरही डेटा लेव्हल्स आहेत, वेबसाठी एच.264 फॉरमॅटची फाइल काढताना तिथे ‘व्हिडिओ’ ठेवावं.

मग रेंडर झालेली फाइल त्याच टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या वर ठेवून वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, बघावा. वरची क्लिप चालू-बंद करताना आलेख जागचा हलता कामा नये. आलेख हलत नाही, तरी मॉनिटरवर काळा फिका दिसतोय? मग फाइलला हात लावू नका. एचडीएमआयवर 1080पी सिग्नल प्रथेने लिमिटेड जातो आणि मॉनिटर तो फुल समजून बसलेला असू शकतो. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर या दोन्हींच्या सेटिंगमध्ये रेंज एकच आहे का, ते पाहा.