निवासी शुश्रूषागृहातील गुणवत्ता आणि सुरक्षा मानके (मराठवाडा)

शुश्रूषागृह, निवासी : वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मोडलेला खुबा किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांना उठणे-बसणे, खाणे, आंघोळ आणि औषधे यांसाठी रात्रंदिवस दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशा माणसांना कायम राहण्यासाठी चालवलेले घर. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की बहुतेकांना बाळंतपणाचा छोटा खासगी दवाखाना आठवतो. येथे तो अर्थ नाही. वृद्धाश्रमाहूनही हे घर वेगळे आहे, कारण वृद्धाश्रमात मुळात चालते-फिरते ज्येष्ठ दाखल होतात. प्रत्यक्षात मात्र दाखल होताना चालत आलेले आजोबा पाच-सहा वर्षांनी अंथरुणाला खिळतात आणि आश्रमाचे न सांगता शुश्रूषागृह होते. फलक तोच राहतो, काम बदलते. गुणवत्तेचे बहुतेक प्रश्न याच बदलातून निघतात.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ही गरज वाढण्याची कारणे जवळची आहेत. मुले पुण्याला नोकरीला जातात. बीड आणि आसपासच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि सहा महिने गावात म्हातारी माणसेच उरतात. शेजारची सून दोन वेळची भाकर आणून देते, पण लघवीची नळी बदलणे किंवा इन्सुलिन टोचणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.

कायद्याची चौकट

राज्यात वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ पासून आहे आणि मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ मध्ये आली. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ याच्या कलम १९ नुसार राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारणे अपेक्षित आहे. त्यासाठी केंद्राने केलेल्या आदर्श नियमांत खोलीत माणशी ७.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर, जेवणघर वगैरे धरून १२ चौरस मीटर जागा सांगितली आहे. उतार, कठडे, अपंगांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे आणि आजारी माणसासाठी वेगळी खोली यांचाही त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१० चे आहेत. पण ही मोजमापे कलम १९ खालच्या, निराधारांच्या आश्रमांसाठी आहेत. महिन्याला पैसे घेऊन माणसे ठेवणारे खासगी घर त्यांत थेट बसत नाही.

दुसरीकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे, जो मूळ मुंबई राज्याचा १९४९ चा. त्याच्या व्याख्येत आजार, दुखापत किंवा अशक्तता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा येते. ‘अशक्तता’ हा शब्द नीट वाचला तर अंथरुणाला खिळलेल्यांचे घर त्यात यायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही नोंदणी प्रामुख्याने दवाखान्यांची होते आणि वृद्धांची घरे सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असतात. धर्मादाय कार्यालय न्यासाचे हिशेब तपासते, कुणाच्या पाठीवरचे व्रण तपासत नाही. ही पोकळी भरण्यासाठी २००७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या निवासगृहांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके त्यात होती. सतरावी लोकसभा संपली आणि विधेयकही व्यपगत झाले.

आश्रम की दवाखाना, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या हिशेबातही शोधावे लागते. भारतीय मानकानुसार वसतिगृहाला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, तर १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे ३४० लिटर. अंथरुणात शौच होणाऱ्या माणसाच्या चादरी, कपडे आणि अंग धुवायचे तर गरज दुसऱ्या आकड्याकडे सरकते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात टाकी किती लिटरची आहे आणि टँकर किती दिवसांआड येतो, हा माणसाच्या कातडीशी जोडलेला प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यातली क्षारता आणि फ्लोराइड तपासून घेणे वेगळेच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते.

अंथरुणातील माणूस

शुश्रूषागृहाचा दर्जा ओळखण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे माकडहाड. हलता न येणाऱ्या माणसाचे वजन एकाच जागी पडून राहते, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांत कातडी लाल होते. त्या लालीवर बोट दाबून उचलावे. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लाली तशीच राहिली तर शय्याव्रणाची पहिली पायरी सुरू झाली. टाचा, खुबे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू रोज अशीच पाहावी लागते. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून तिथे हात लावून ऊब, कडकपणा आणि दुखरेपणा पाहतात. दर दोन तासांनी कूस बदलणे हा सर्वत्र मानला गेलेला साधा नियम आहे. कूस बदलल्याची वेळ खाटेला लटकवलेल्या तक्त्यावर लिहितात. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच हाताने आणि एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर तो तक्ता भरलेला आहे, कूस बदललेली नाही, असे समजावे.

लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मावशी मायेनेच चोळतात, पण दबलेले पेशीजाल त्याने आणखी फाटते. मध्ये भोक असलेल्या रबरी गोल उशीनेही कडेचा रक्तपुरवठा अडतो. टाच गादीला टेकणार नाही अशी पोटरीखाली उशी, कोरडी चादर आणि हवेची गादी यांचा उपयोग होतो. हवेची गादी विजेवर चालते, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर भारनियमनात ती नुसते प्लास्टिक उरते.

जेवणाचेही तसेच. पक्षाघात झालेल्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया मंदावते आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अशा माणसाला पातळ पाण्याने ठसका लागतो, पण वरणात मऊ कुस्करलेली ज्वारीची भाकर सहज उतरते. पाठ सरळ ठेवून बसवणे, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न करणे, एवढे पाळायला एका माणसामागे वीस-पंचवीस मिनिटे लागतात. एका मावशीकडे आठ जण भरवायचे असतील तर ही वेळ कुठून येणार? ती उणीव मग वजनात दिसते. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी होणे गंभीर समजतात. पन्नास किलोच्या आजींचे महिन्यात अडीच किलो घटले तर डॉक्टरांना बोलवायचे. त्यासाठी दर महिन्याला वजन लिहिलेली वही मात्र हवी.

पडणे, औषधे, उन्हाळा

पडण्याचे प्रसंग बहुधा रात्री, खाट आणि संडास यांच्यामधल्या दहा पावलांत घडतात. चकचकीत ओली फरशी, सैल स्लीपर, पायात येणारा लुगड्याचा घोळ, झोपेची गोळी आणि उठताच घसरणारा रक्तदाब, अशी कारणे एकत्र येतात. भिंतीला पक्का कठडा, खरखरीत फरशी, कमोड, रात्रभर जळणारा मंद दिवा आणि ‘आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसायचे’ ही सवय, एवढ्याने बरेच टळते. खुब्याचे हाड मोडलेच तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी असे मानतात. त्यामुळे १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते आणि पेशंट छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात न्यायचा की अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात, हे आधीच ठरलेले असावे.

औषध देताना माणूस, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी दर वेळी तपासायच्या असतात. सगळ्यांच्या गोळ्या सकाळीच वाट्यांत काढून ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वाटी बदलली की गोळ्याही बदलतात. इन्सुलिनच्या बाबतीत एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. सुई दिली आणि जेवण राहिले तर साखर ७० च्या खाली जाते. साखर अशी झोपेत उतरली तर ‘आजोबा आज शांत झोपलेत’ असे म्हणून सगळे पुढे जातात. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. वीज गेलेल्या मे महिन्यात ओल्या मातीच्या मडक्यात ते ठेवण्याची जुनी युक्ती तात्पुरती उपयोगी पडते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि म्हाताऱ्या माणसांची तहान आधीच मंदावलेली असते. शिवाय उठवायला कुणी येणार नाही, या भीतीने कित्येक जण मुद्दाम पाणी कमी पितात. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि कालपर्यंत नीट बोलणारी बाई आज मुलाला ओळखत नाही. तिला वेड लागले असे समजण्याआधी लघवी तपासावी. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करणे डेंग्यूसाठी आवश्यक असते.

बांधून ठेवणे

अस्वस्थ रुग्णाचा हात ओढणीने खाटेला बांधलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. बांधणारी बाई दुष्ट नव्हती, रात्री एकटी होती. रुग्ण सारखा लघवीची नळी ओढत होता, कारण नळी तुंबून त्याचे पोट फुगले होते. वेदना, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, भूक किंवा भीती यांपैकी काय आहे ते शोधल्याशिवाय बांधणे, आणि तसेच झोपेची गोळी वाढवणे, ही गंभीर चूक समजली पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णालयांतही साखळदंड बंद केले आणि बांधण्यावर कडक अटी घातल्या. वृद्धांच्या घराला त्याहून सैल नियम असण्याचे काहीही कारण नाही.

स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची उरते. तांड्यावर वाढलेली आजी पुन्हा गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलू लागते, देगलूरकडची तेलुगूत. १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेल्या पिढीतले थोडे लोक अजून आहेत. त्यांच्यासमोर मराठी वर्तमानपत्र ठेवले तर ते चाळून ठेवून देतात. दाखल करताना पहिली भाषा आणि घरात हाक मारायचे नाव लिहून घेणे, यात एक रुपयाही खर्च होत नाही.

कर्मचारी आणि इमारत

जीएनएम किंवा एएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदलेली परिचारिका प्रत्येक पाळीत असावी ही अपेक्षा आहे. पण तालुक्याच्या गावी रात्रपाळी बहुतेक वेळा जवळच्या खेड्यातून आलेल्या, पाहून-पाहून शिकलेल्या मावशींवर असते. बारा तासांची ड्युटी आणि तुटपुंजा पगार यांमुळे त्या वर्षभरात सोडून जातात, आणि कुणाला कोणत्या कुशीवर दुखते हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. कर्मचारी टिकणे हा निकष कुठल्याही तपासणी-यादीत वरच्या पाचांत असायला हवा.

आगीसाठी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा लागू होतो. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. कागदापेक्षा चालता न येणाऱ्या वीस जणांना दोन माणसे चादरीवरून ओढत बाहेर कशी काढतील याचा सराव अधिक मोलाचा, आणि तोच सहसा राहून जातो. सुया, नळ्या आणि पट्ट्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वेगळ्या कराव्या लागतात.

पैसा, तक्रार, अखेर

अनामत रक्कम, डायपर आणि औषधांचा जादा खर्च, अंगावरचे सोने आणि अंगठा उठवलेले कागद यांबद्दलचा करार मराठीत, साक्षीदारासह असावा. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन नंतर वाऱ्यावर सोडले तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून घेता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करतात. १४५६७ या हेल्पलाइनवर ज्येष्ठ स्वतः फोन करू शकतात, पण तो फोन व्यवस्थापकाच्या टेबलावर असेल तर उपयोग नाही.

शेवटच्या दिवसांत रुग्णालयात हलवायचे की इथेच वेदना कमी करत ठेवायचे, हे माणूस बोलू शकतो तोवर त्यालाच विचारावे. कुणाला आधी कळवायचे आणि गावी न्यायचे का, हेही लिहून घ्यावे. लिंगायत आणि महानुभाव घरांत दफन करतात, मुसलमान कुटुंबांना वेळ फार कमी असतो आणि मुलगा ऊसतोडीला कोल्हापूरकडे असेल तर त्याचा फोन दिवसभर लागत नाही. म्हणून या नोंदीत मुलाच्या नंबराखाली मुकादमाचा नंबरही लिहून ठेवतात.