आइसलँडची बास्केटबॉल लीग : पाचव्या जागेचा सत्तर वर्षांचा वाद

आइसलँडच्या पुरुषांच्या पहिल्या दर्जाच्या लीगचं नाव उर्वल्सडेइल्ड, म्हणजे निवडक संघांची लीग. बारा संघ. प्रत्येकाची प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक अशी गाठ, म्हणजे संघामागे 22 आणि एकूण 132 साखळी सामने. पहिले आठ बाद फेरीत जातात आणि शेवटचे दोन खालच्या लीगमध्ये उतरतात. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. इथवर सगळं कुठल्याही देशासारखंच आहे. ही लीग वेगळी ठरते ती एका प्रश्नामुळे: मैदानावरच्या पाच जणांपैकी किती जण बाहेरून आणलेले असावेत? सत्तर वर्षांत या प्रश्नाची उत्तरं अनेकदा बदलली आणि दर बदलाबरोबर विजेतेही बदलले.

मुळात हा खेळ आइसलँडमध्ये आला तोच परक्या लष्कराबरोबर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी केफ्लाविकला धावपट्टी बांधली. युद्धानंतर ते गेले, पण 1951च्या संरक्षण कराराने परत आले आणि त्यांचा तळ 2006पर्यंत तिथेच राहिला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 साली झाली आणि ती जिंकली ई.के.एफ.ने, म्हणजे केफ्लाविक विमानतळावर काम करणाऱ्यांच्या क्रीडासंघाने. 1958पर्यंत या संघाने चार विजेतेपदं घेतली. पुढे तो न्यार्दविकच्या क्लबमध्ये विलीन झाला, म्हणून न्यार्दविकच्या 17 विजेतेपदांत ती चार आजही धरतात.

राजधानी रेक्याविकमध्ये सामने होत ते हालोगालांदच्या हॉलमध्ये. युद्धात लष्कराने उभारून मागे सोडलेली ही इमारत होती. मैदान अरुंद आणि प्रेक्षक अगदी रेषेला चिकटून. 1965च्या अखेरीस लोयगार्दाल्सहोलचं मोठं क्रीडागृह उघडलं, तेव्हा कुठे राजधानीला पूर्ण मापाचं बंदिस्त मैदान मिळालं. आइसलँडच्या बास्केटबॉल महासंघाची स्थापना त्याआधीच, 1961च्या जानेवारीत झाली होती. या काळात ई.आर. या रेक्याविकच्या क्लबची सद्दी होती. 1954 ते 1977 या काळात त्यांनी 15 विजेतेपदं मिळवली. त्यानंतर आजतागायत एकही नाही. 2019च्या अंतिम फेरीत ते पाचव्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोहोचले, पण के.आर. या रेक्याविकच्याच दुसऱ्या क्लबने चषक नेला.

पगार देऊन परदेशी खेळाडू आणण्याची सुरुवात 1975 साली झाली. आउरमन क्लबने जिमी रॉजर्सला आणि के.आर.ने कर्टिस कार्टरला आणलं. पुढच्याच वर्षी, 1976 साली, आउरमन पहिल्यांदाच विजेता झाला. ते त्यांचं एकमेव विजेतेपद. एका माणसाने क्लबचं नशीब बदलतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मग मागे कोण राहणार? 1978 साली उर्वल्सडेइल्ड सुरू झाली आणि अमेरिकन खेळाडूंची रांगच लागली. त्यांपैकी बरेच जण खेळाडूही असत आणि प्रशिक्षकही; सकाळी शाळेच्या मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः खेळायचं. एका पगारात क्लबची दोन कामं होत. डॅनी शाउसने 1979च्या डिसेंबरमध्ये आउरमनकडून खालच्या लीगच्या एकाच सामन्यात 100 गुण केले. विक्रम म्हणून तो आजही सांगितला जातो. त्या वेळी मात्र तो धोक्याचा इशारा होता. चेंडू एकाच्याच हातात राहिला तर उरलेले चौघे काय शिकणार?

म्हणून 1980च्या दशकात काही हंगाम परदेशी खेळाडूंवर सरळ बंदी घातली गेली आणि दशक संपता संपता ती उठली. या दरम्यान, 1984पासून, बाद फेरी आली. त्याआधी साखळीत पहिला येणारा विजेता ठरत असे. बाद फेरीमुळे क्लबांच्या तिजोरीला मोठा आधार मिळाला, कारण एप्रिलच्या सामन्यांना हॉल भरतो आणि साखळीतली तूट तिथे भरून निघते. आता बाद फेरीची प्रत्येक लढत पाचपैकी तीन सामने जिंकण्याची असते.

त्या पिढीतला सर्वांत मोठा माणूस पेतुर गुदमुंदसन, उंची 218 सेंटीमीटर. 1981 साली एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमधल्या पोर्टलंडने त्याला निवडलं आणि तो एनबीएत खेळणारा पहिला आइसलँडर ठरला. पुढे लेकर्स आणि सॅन अँटोनिओकडूनही खेळला. मात्र त्या काळच्या हौशी खेळाडूंच्या नियमामुळे व्यावसायिक झालेल्या पेतुरला देशाच्या संघातून खेळता येईना. हा नियम 1989मध्ये हटला, तोवर त्याची ऐन उमेदीची वर्षं सरली होती. त्याच्यावर झालेला हा अन्याय फार मोठा होता. इतक्या छोट्या देशात एवढा उंच आणि एवढा तयार खेळाडू पुन्हा कधी मिळेल, याची कुणालाच खात्री नव्हती.

1981 ते 2013 या 33 हंगामांतली 25 विजेतेपदं एकट्या रेक्यानेस द्वीपकल्पातल्या तीन क्लबांकडे गेली: न्यार्दविक 13, केफ्लाविक 9, ग्रिंदाविक 3. विमानतळाशेजारच्या या वस्त्या. तळ जवळ होता हे एक कारण झालंच, पण तेवढंच नाही. रेक्याविकमध्ये हिवाळ्यात मुलं हँडबॉलकडेही ओढली जातात; या गावांत हिवाळ्याचा खेळ म्हणजे बास्केटबॉलच. केफ्लाविक आणि न्यार्दविक या गावांची 1994 साली एकच नगरपालिका झाली, तरी क्लब एक झाले नाहीत. केफ्लाविकच्या हॉलचं टोपणनाव ‘कत्तलखाना’, तर न्यार्दविकच्या जुन्या हॉलचं ‘सिंहांची गुहा’. दोन्ही हॉल एकाच नगरपालिकेच्या हद्दीत आणि चालत जाण्याच्या अंतरावर.

ही लीग अर्धव्यावसायिक आहे म्हणजे नेमकं काय? सामना ठरलेला 19:15चा. खेळाडू दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून येतात, ही वेळ त्यांच्यासाठीच. क्लबचं मंडळ बिनपगारी. दाराशी तिकीट फाडणारे, गुणलेखकाच्या टेबलावर बसणारे, बाहेर ग्रिलवर हॅमबर्गर भाजणारे सगळे खेळाडूंचे आईवडील नाहीतर जुने खेळाडू. मध्यंतरात विकलेल्या बर्गरचे पैसेही जमाखर्चात महत्त्वाचे असतात. घाम सांडला की बास्केटखालची फरशी पुसायला धावतात ती क्लबच्याच लहान गटातली मुलं.

परदेशी खेळाडू मात्र पूर्ण वेळ पगारी. त्याचा खर्च पगारावर थांबत नाही. राहायला घर लागतं, गाडी लागते, येण्याजाण्याचं विमानभाडं असतं आणि बहुधा गावातल्या एखाद्या खानावळीत जेवणाची सोय करावी लागते. गावातला घरमालक, गाडीवाला आणि खानावळवाला प्रायोजक म्हणून यातलं बरंचसं वस्तुरूपात देतात. रोख लागते ती पगाराला, आणि तो ठरतो डॉलरमध्ये किंवा युरोत. कोसळायची वेळ आली की पहिला तडा इथेच जातो. ऑक्टोबर 2008मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात बुडाल्या, आइसलँडचं चलन क्रोना घसरलं आणि हंगाम तोंडावर असताना अनेक क्लबांनी परदेशी खेळाडूंना परत पाठवलं. प्रायोजकांत बँकाही होत्या, म्हणजे मिळकत आटली आणि खर्च वाढला, दोन्ही एकाच वेळी.

अंतराचाही प्रश्न आहे. रेक्याविक ते केफ्लाविक 50 किलोमीटर. पण पूर्वेकडच्या एगिल्सस्तादिरला, होत्तुर क्लबच्या गावी, रस्त्याने जायचं तर 600हून जास्त. जानेवारीत घाट बंद झाले किंवा विमान उडालं नाही की सामना पुढे ढकलावा लागतो. मग तो मधल्या दिवशी घुसवला जातो आणि नोकरी करणाऱ्या खेळाडूची आणखी एक रजा जाते.

बंदी उठल्यानंतर संख्या कमीजास्त होत राहिली आणि 2010च्या दशकात नियम आला तो चार अधिक एकचा: मैदानावर एका वेळी चार आइसलँडर हवेतच. आता पाचवी जागा कुणाला द्यायची? बास्केटखाली खेळणारा धिप्पाड सेंटर आणावा, तर त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारे गावचेच. गुण करणारा गार्ड आणावा, तर बास्केटखाली उंची कमी पडते. अमेरिकन खेळाडूने पहिल्याच सत्रात दोन फाउल केले की तो पुढे बाद होऊ नये म्हणून त्याला बसवावं लागे, आणि बाकावर तसा दुसरा नसे. त्यामुळे आइसलँडचे संघ पळण्यावर आणि तीन गुणांच्या फेकीवर भर देऊ लागले. के.आर.ने 2014 ते 2019 अशी सलग सहा विजेतेपदं घेतली. त्यांतली पहिली पाच याच नियमाखालची, कारण त्यांचे चार स्थानिक इतरांच्या चौघांपेक्षा सरस होते.

राष्ट्रीय संघही याच मुशीतून निघाला. 2015 साली बर्लिनमध्ये आइसलँड पहिल्यांदा युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा, खेळलं. जेमतेम 3.3 लाख वस्तीचा देश, आणि गटात जर्मनी, स्पेन, सर्बिया, इटली, तुर्कस्तान. सेंटरला उभा होता दोन मीटरचा ह्लिनुर बाइरिंग्सन. पाचही सामने हरले, पण जर्मनीला सहा गुणांपर्यंत गाठलं आणि तुर्कस्तानला जादा वेळेत खेचलं. 2017 आणि 2025 सालीही संघ पात्र ठरला. युरोबास्केटमधला पहिला विजय मात्र अजून बाकी आहे. मधल्या काळात उंचीचा प्रश्न उत्तरेकडच्या एका शेतातून सुटला: 216 सेंटीमीटरच्या त्रिग्वी ह्लिनासनने उशिरा, किशोरवयात खेळ सुरू केला, तो आकुरेरीच्या ‘थोर’ नावाच्या क्लबकडून खेळला आणि 2017 साली थेट स्पेनच्या वॅलेन्सिया क्लबला गेला.

2018 साली चार अधिक एक गेला. आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. तिथल्या नागरिकाला कामापासून अडवता येत नाही, असा आक्षेप त्या क्षेत्राच्या देखरेख यंत्रणेने घेतला होता. युरोपीय पारपत्र असलेल्यांना दार उघडलं, अमेरिकनांवरची मर्यादा राहिली. परिणाम लगेच दिसला. 2021मध्ये सुमारे दोन हजार वस्तीच्या थोरलाक्सहोफ्नचा, ‘थोर’ याच नावाचा दुसरा क्लब पहिल्यांदा विजेता झाला. 2023मध्ये उत्तरेकडच्या सोइदारक्रोकुरच्या तिंदास्तोलने निर्णायक सामन्यात रेक्याविकच्या वालुर क्लबला 82-81 असं हरवलं. दोन्ही संघांत लिथुआनियाचा अदोमास द्रुंगिलास होता. 2025मध्ये गार्दाबाइरच्या स्त्यार्नाननेही पहिलं विजेतेपद घेतलं. म्हणजे पाच वर्षांत तीन नवे विजेते. खुल्या दाराने छोट्या गावांना संधी दिली, हे मान्य करावंच लागतं. पण त्याच दाराने अठरा वर्षांच्या स्थानिक मुलाची मैदानावरची मिनिटंही खाल्ली. स्थानिकांसाठी किमान जागा राखाव्यात का, हा वाद म्हणूनच मिटलेला नाही. आमच्या मते दोन जागा तरी राखायला हव्यात. 2015चा संघ ज्या मिनिटांतून घडला, ती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

10 नोव्हेंबर 2023च्या रात्री भूकंपांच्या मालिकेनंतर ग्रिंदाविक गाव रिकामं केलं गेलं. जमिनीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, सरकत होता. क्लबचं घर गेलं, पण संघ मोडला नाही. कोपावोगुरच्या स्मारिन हॉलमध्ये त्यांनी ‘घरचे’ सामने खेळले आणि विखुरलेलं गाव तिथे जमू लागलं. त्या हंगामात ग्रिंदाविक अंतिम फेरीत पोहोचलं आणि पाचव्या सामन्यात वालुरकडून हरलं.