शेतातले जास्तीचे हात आणि आर्थिक वाढ

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षांवरील व्यक्तींमधील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. त्यामुळे रोजगाराचा प्रश्न निम्मा सुटला, असा समज पसरला आहे. परंतु याच सर्वेक्षणात शेतीत काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेलेले दिसते, आणि देशाच्या उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच आहे.

घरच्या शेतात विनावेतन राबणारी व्यक्तीही या मोजणीत रोजगारात धरली जाते. गरीब कुटुंबाला कोणी रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून बेरोजगारी कामाच्या आड लपते.

तीन एकर कोरडवाहू शेतात एकाच घरातील पाच जण राबत असतील आणि त्यांतील दोघे बाहेर पडल्यावरही ज्वारी पूर्वीइतकीच येत असेल, तर त्या दोघांच्या श्रमाची सीमांत उत्पादकता, म्हणजे त्यांच्यामुळे उत्पादनात पडणारी भर, शून्य ठरते. तरीही धान्य पाचांत वाटले जात असल्याने त्यांच्या वाट्याला सरासरी उत्पन्न येते. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये याच फरकावर बोट ठेवले. कारखान्याने त्या सरासरीपेक्षा थोडी अधिक मजुरी देऊ केली की माणसे येत राहतात, मजुरी फारशी वाढत नाही, नफा वाढतो, आणि तो पुन्हा गुंतवला गेला की आणखी माणसांना काम मिळते. शेतीचे उत्पादन न घटता देशाचे उत्पादन वाढते, ही या सिद्धान्तातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. शेतातले जास्तीचे हात संपले की मजुरी चढू लागते.

नफा कमी माणसांत चालणाऱ्या यंत्रांकडे वळला, किंवा २०२० च्या टाळेबंदीप्रमाणे माणसे गावी परतली, तर ही साखळी तुटते. तेवढेच धान्य अधिक जणांत वाटले जाऊन दरडोई उत्पन्न घटल्याने खरेदी मंदावते, कारखाने क्षमतेपेक्षा कमी चालतात आणि नवी गुंतवणूक लांबणीवर पडते. तरुण लोकसंख्या आपोआप समृद्धी आणेल, या घोषणेला म्हणूनच शास्त्रीय आधार नाही. २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारी १०.२ टक्के होती.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात राबवलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचा आधार मिळालेल्या रोजगार हमी योजनेने मजुरीतून मागणी टिकवली आणि बांधबंदिस्तीतून जमिनीचा कसही राखला. तिची रचना मात्र अडचणीच्या काळात अंगमेहनतीचे काम पुरवण्याची आहे. शेताबाहेरचा कायमचा रोजगार कारखान्यांतून आणि सेवांमधूनच यावा लागतो.