पानशेत कशामुळे फुटले: मातीच्या धरणातल्या मोरीची गोष्ट

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्याचा लोंढा पुण्यात आला. पुण्याचे पाणी आज मुख्यत्वे खडकवासला साखळीतल्या चार धरणांवर चालते. त्यांची साठवण अशी: पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघे १.९७. शेवटच्या आकड्यावरून पानशेतची गरज लगेच कळते. शहराला आणि कालव्याला पाणी सुटते ते खडकवासल्यातून, पण साठा वरच्या धरणांत असतो. खडकवासल्याची पातळी उतरली की वरून पाणी सोडून ती भरून काढावी लागते.

खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ सालचे. फाइफ या इंग्रज लष्करी अभियंत्याने ते बांधले, म्हणून त्या जलाशयाला पूर्वी ‘लेक फाइफ’ म्हणत. कालवा, पुणे शहर आणि छावणी एवढ्यांची तहान ते भागवत असे. स्वातंत्र्यानंतर शहर वाढले, शेतीची मागणी वाढली, तेव्हा मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर वरच्या अंगाला पानशेतचे नवे धरण घ्यायचे ठरले. १९५७ मध्ये काम सुरू झाले. धरण मातीचे घेतले, आणि तो निर्णय चूक नव्हता. असे धरण जवळच्याच माती-मुरुमावर उभे राहते, आणि वजन रुंद पायावर पसरत असल्याने पायाकडून त्याच्या अपेक्षाही दगडी धरणापेक्षा कमी असतात.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधोमध चिकणमातीचा गाभा असतो, पाणी अडवायचे काम त्याचे. दोन्ही बाजूंना मुरुमाचे कवच असते, ते गाभ्याला आधार देते. पाण्याच्या बाजूला दगडाचे अश्मपटल, म्हणजे पिचिंग, लाटांचा मार सोसते. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पसरायची, योग्य ओलावा साधायचा, शीपफूट रोलरने, म्हणजे खुरांसारखे उंचवटे असलेल्या रुळाने, दाबायची आणि घनतेची चाचणी झाल्यावरच पुढचा थर टाकायचा. कोरडी दाबलेली माती पुढे पाणी चढले की बसते. जास्त ओली असली तर दबतच नाही.

खरी अडचण येते ती भरावाखालून पाणी काढायच्या मोरीपाशी. काँक्रीटची मोरी ताठ असते, माती बसत जाते. मोरीच्या दोन्ही अंगांना माती जास्त बसते, डोक्यावर कमी, आणि त्या फरकाने भरावात चिरा पडू शकतात. शिवाय मोरीच्या कडेला रोलर पोचत नाही. तिथे पातळ थर देऊन हाताने धुम्मस करावी लागते आणि घाईच्या कामात नेमकी हीच जागा कच्ची राहते. या सांध्यातून पाझर सुरू झाला की पाणी मातीचे कण घेऊन निघते, पोकळी मागे मागे वाढत जाते. मातीची धरणे माथ्यावरून पाणी गेल्याने फुटतात, तशीच या मोरीपाशीही फुटतात.

पानशेत १९६२ मध्ये पुरे व्हायचे होते. ती मुदत एक वर्षाने अलीकडे ओढली गेली. मोरीच्या कमानीला आराखड्यात लोखंडी सळ्यांचे काँक्रीट होते. पोलादाची टंचाई होती, म्हणून सळ्यांशिवायचे काँक्रीट ठोकळे बसवण्यात आले. १९६१ च्या जूनमध्ये नदी अडली तेव्हा भराव उंच झाला होता, पण मोरीच्या दारांचे आणि ती उचलणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे उच्चालकांचे, काम अपुरे होते. दारे सुमारे दोन फूट उघड्या अवस्थेत अडकली होती. म्हणजे पाणी पूर्ण सोडताही येईना आणि पूर्ण अडवताही येईना. मातीच्या धरणाचा जलाशय पहिल्यांदा टप्प्याटप्प्याने भरावा लागतो. थोडे पाणी चढवायचे, थांबायचे, पाझर आणि बसण तपासायची, मग पुढे जायचे. इथे ही मुभाच उरली नव्हती.

१८ जून ते १२ जुलै या काळात पाणलोटात सुमारे १७७८ मिलिमीटर पाऊस झाला. सुरुवातीला जलाशय दिवसाला ९ मीटरपर्यंत चढला. अर्धवट उघड्या दारांखालून प्रचंड दाबाने आत आलेल्या पाण्याने मोरीतला प्रवाह अस्थिर झाला आणि आतून जोराचे धक्के बसू लागले. सळ्या नसलेल्या कमानीला असे धक्के सोसत नाहीत. सांधे उघडले की वरची माती आत ओढली जाते आणि प्रवाहाबरोबर वाहून जाते. मोरीच्या बरोबर वर, धरणाच्या अक्षाला काटकोनात भेगा दिसू लागल्या आणि सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा खचू लागला. अडीच तासांत तो सुमारे १.४ मीटर खाली गेला. पाणी आणि माथा यांत जेमतेम ०.६ मीटर अंतर राहिले.

लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून खचलेला माथा उचलून धरला. धरण वाचले नाही, पण त्या पोत्यांनी वेळ मिळवून दिला. १२ जुलैच्या सकाळी भराव फुटला आणि पुण्यात लोंढा आला तो दिवसाउजेडी. रात्री आला असता तर किती माणसे गेली असती, याचा विचारही नकोसा वाटतो. धरण गेले ते मोरीपाशी; सांडवा अपुरा पडला किंवा पाया दगा देऊन गेला, असे झालेले नाही.

खाली खडकवासला आधीच काठोकाठ भरलेला होता. त्याच्या पूर्ण लांबीवरून सुमारे २.७ मीटर पाणी उलटले. ८० वर्षांहून जुनी ती दगडी भिंत हादरत चार तासांच्या आत फुटली. लकडी पुलावरून पाणी गेले, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, आणि पूर ओसरल्यावर शहराला पाणी पुरवणारे तळेच राहिले नाही. गोखलेनगर, लोकमान्यनगर आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांतून उभे राहिलेले सहकारनगर या वस्त्या त्या पुरातूनच निघाल्या.

पानशेत पुन्हा बांधून १९७२ मध्ये पुरे झाले. आजची उंची ६३.५६ मीटर, जलाशयाचे नाव तानाजीसागर.

मोरीबाबतच्या आजच्या रीती अशाच अपघातांनी घडवल्या. मोरी शक्यतो कठीण खडकात खोदलेल्या चरात बसवतात, म्हणजे तिच्याभोवतीचा भराव कमी होतो. नियंत्रणाची दारे पाण्याच्या बाजूला ठेवतात, जेणेकरून भरावाखाली दाबाचे पाणी राहणार नाही. दारामागे हवेची नळी देतात. खालच्या अंगाला मोरीभोवती वाळू-खडीची गाळणी घालतात. पाझर आला तरी पाणी सुटते, माती अडते. आणि दारे, उच्चालक चालवून पाहिल्याशिवाय नदी अडवायची नाही.

राज्यातल्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, नाशिकची धरण सुरक्षितता संघटना त्यावर लक्ष ठेवते, आणि २०२१ पासून केंद्राचा धरण सुरक्षा कायदाही आहे. तरी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील मातीचे धरण फुटून माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती.

म्हणून पायथ्याशी येणाऱ्या पाझराकडे रोज पाहावे लागते. व्ही-नॉचवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या V आकाराच्या खाचेवर, मोजलेला पाझर जलाशयाच्या पातळीबरोबर चढतो आणि उतरतो, तेव्हा काळजीचे कारण नसते. पातळी स्थिर असताना पाझर वाढला, किंवा निवळ येणारे पाणी गढूळ होऊ लागले, तर त्याच तासाला वर कळवायचे आणि पाणी उतरवायला लागायचे. तेही बेताने, कारण पातळी झपाट्याने उतरली तर पाण्याच्या अंगाचा ओला उतार घसरतो.