वास्तूची गोष्ट आणि वास्तूतली गोष्ट

वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांच्या ज्युरीला, म्हणजे त्यांची डिझाइन तपासणाऱ्या परीक्षक मंडळात, बसू लागल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की नकाशांचे शीट भिंतीवर लागण्याआधीच ते कानात वाजू लागते : ‘सर, या डिझाइनमागे एक स्टोरी आहे.’ ही स्टोरी दहापैकी नऊ वेळा निव्वळ कन्सेप्ट, म्हणजे रूपक असते, आणि रूपकाला कथा म्हणण्याच्या या सवयीचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

रूपक सर्वांच्या ओळखीचे आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे जयपूरचे जवाहर कला केंद्र पाहावे : नवग्रहांचे नऊ चौरस, प्रत्येकाची बाजू ३० मीटर, त्यांतला एक मुद्दाम सरकवून केलेले प्रवेशद्वार आणि मध्यभागी सूर्याच्या चौरसात आकाशाखाली उघडे, पायऱ्यांचे कुंड. येथे रूपकाने प्लॅन घडवला आहे, म्हणून ते पटते. सभागृहाच्या छपरावर पाकळ्या बसवून त्याला कमळ म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

कथा लांब असते, कन्सेप्ट चार ओळींत आटोपतो, हे फरक गौण आहेत. खरा फरक असा की रूपक वास्तूबद्दल बोलते आणि त्यामुळे ते कधी खोटे ठरत नाही, तर कथेत त्या वास्तूत कोणीतरी राहते, वेळ पुढे सरकते आणि वास्तू नापास होण्याची शक्यता उघडी राहते. फ्लॉरेन्सच्या सुपरस्टुडिओ या वास्तुविशारदांच्या गटाने १९७१ साली बारा आदर्श नगरांच्या कथा प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या पहिल्या नगरात प्रत्येकाला सारखी खोली मिळते, सर्व गरजा जागच्या जागी भागतात, मरणही नसते. मात्र कोणी बंडाचा विचार मनात धरून बसला, तर त्याच्या खोलीचे छत दोन हजार टनांच्या भाराने खाली येते. समता आणि सोय हे शब्द जाहीरनाम्यात आले असते तर वाचणाऱ्याने मान डोलावली असती; कथेत त्या छताखाली एक माणूस निजलेला आहे, म्हणून वाचणारा वर पाहतो.

एका विद्यार्थ्याने वृद्धाश्रमाला ‘वटवृक्ष’ नाव दिले होते : मधला चौक म्हणजे खोड, वळत गेलेले पॅसेज म्हणजे पारंब्या. मी त्याला एवढेच लिहायला सांगितले की रात्रीचे दोन वाजले आहेत आणि एका आजींना जाग आली आहे. त्याने अर्धे पान लिहिले. आजी चपला चाचपतात, दिव्याचे बटण दाराच्या मागे असल्याने त्यांना सापडत नाही, वळणाऱ्या भिंतीला धरायला काही नाही आणि संडास पुढच्या दोन खोल्या ओलांडून आहे. हे लिहिताना त्याला स्वतःलाच आपला प्लॅन प्रथम दिसला असावा, कारण पुढच्या आठवड्यात संडास प्रत्येक खोलीला जोडलेला होता, पॅसेज सरळ झाला होता आणि त्याच्या एका बाजूने कठडा आला होता.

‘वटवृक्ष’ हे नाव मात्र त्याने तसेच ठेवले, आणि त्याला माझी हरकत नव्हती.