मान टाकलेलं झाड आणि कुंडीतली हुमणी

माती ओली आहे, तरी झाड मान टाकतं. आपण काळजीने आणखी पाणी घालतो आणि ते आणखीच मलूल होतं. एक दिवस खोड जरा हलवलं की अख्खं झाड हातात येतं. पाणी भरपूर होतं, ते ओढून घेणारी तंतुमुळंच मातीतल्या अळ्यांनी खाऊन टाकली होती.

मूळकुजीतही झाड असंच दिसतं. म्हणून औषध शोधण्याआधी कुंडी कागदावर उलटी करा. कुजलेली मुळं काळी पडून बुळबुळीत होतात, कुरतडलेली तुटलेली दिसतात. मातीत अर्धवर्तुळासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची अळी सापडली, तर ती भुंगेऱ्याची अळी, म्हणजे हुमणी. बिनपायाची, साधारण 1 सेंटिमीटरची असेल तर सोंडकिड्याची. वाइन वीव्हिल या सोंडकिड्यात नर नसतातच. त्यामुळे एकच मादी शिरली तरी पुढची पिढी तयार होते.

पण थांबा, प्रत्येक गुबगुबीत अळी शत्रू नसते. अळी सपाट जागेवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याच्या गटातली. तिचं मुख्य खाणं कुजलेला पाला. तिला कंपोस्टच्या ढिगात सोडा, ती तिथे खत करेल. तिला मारलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

जमिनीत झाडाला मुळं लांब पसरता येतात. कुंडीत ती सोय नाही, त्यामुळे दोन-चार मोठ्या अळ्याही लहान झाड संपवतात. हुमणीच्या वाढीच्या तीन अवस्था असतात आणि ती सर्वांत जास्त तिसऱ्या अवस्थेत खाते. म्हणजे झाड सुकलेलं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. अळ्या वेचा, मुळं धुवा, नव्या मातीत लावा, थोडे शेंडे छाटून काही दिवस सावलीत ठेवा. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र घालू नका, अंडी-अळ्या बहुधा त्यातूनच येतात.

कुंड्या जास्त असतील तर जैविक उपाय उत्तम. मेटारायझियम ही बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते, मेलेल्या अळीवर हिरवी भुकटी धरते. 1879 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी गव्हाच्या भुंगेऱ्यावर ती अभ्यासली होती. दुसरे मदतनीस म्हणजे हेटरोऱ्हॅब्डिटिस हे सूक्ष्म सूत्रकृमी. ते अळीच्या शरीरात जिवाणू सोडतात, साधारण दोन दिवसांत अळी मरते आणि विटकरी लाल होते. हे कृमी उन्हाने मरतात, म्हणून पाण्यात मिसळून संध्याकाळी घाला आणि पुढचे दोन आठवडे माती ओलसर ठेवा. बुरशी वापरत असाल तर त्याच कुंडीत बुरशीनाशक घालू नका.